परडीतला दहीभात

परवा तळ्याकडून घरी येत होते, तेव्हा पर्वतीच्या पायऱ्या उतरून एक गोरा साहेब खाली आला. तोंड लालबुंद, सदरा पाठीला चिकटलेला, हातात काठी. मागून डोक्यावर टोपली घेतलेला आपल्यातलाच एक माणूस येत होता. साहेब पुढे गेला तशी मी त्या माणसाला विचारलं, "काय रे बाबा, देवाला आला होता की काय तुझा साहेब?" तो म्हणाला, "देवाला कशापायी, आजी? भूक लागाया पायजे म्हून चढतोय. टेकडी चढल्याबिगर त्याला जेवान ग्वाड लागत न्हाई." आणि हसला. मला काही हसू आलं नाही. रस्त्याकडेच्या दगडावर मी मटकन बसले. त्या माणसाला वाटलं म्हातारीला भोवळ आली, त्यानं पाणी हवं का म्हणून विचारलंही. भूक लागावी म्हणून टेकडी चढणारं माणूस मी ह्याआधी जन्मात एकच पाहिलं होतं, आणि ती माझी आई होती. त्या चातुर्मासाबद्दल मी आजवर कोणापाशी चकार शब्द काढलेला नाही. आता माझ्याशिवाय ते ठाऊक असणारं कोणी उरलेलं नाही, तेव्हा लिहून टाकते. अक्षर वेडंवाकडं आहे, पण माझं आहे.

राज्य तेव्हा आपलं होतं आणि आमचं घर सदाशिव पेठेत होतं. घर लहानच. पुढे ओटी, मग माजघर, स्वयंपाकघराला लागून देवघर, आणि मागे विहीर, तुळस, अळूचे वाफे. पहाटे जाग यायची ती रहाटाच्या कुरकुरीनं. आत्याबाई पाणी शेंदत असायच्या. त्यानंतर शेजारच्या शास्त्र्यांकडची पोरं घोकायला बसत, आणि त्यांचा आवाज दुपारपर्यंत भिंतीतून येत राही. आत्याबाई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षभरातच विधवा होऊन माहेरी आलेल्या, केशवपन केलेल्या, आणि तेव्हापासून घराच्या चुलीच्या मालकीण. दिवसातून एकदाच जेवत, तेही दुपारी, आणि त्याबद्दल कधी तक्रार नाही. जीभ मात्र अशी, की पेठेतले भिक्षुकसुद्धा आमच्या दारात आवाज खाली आणून बोलत. वडिलांना मी नाना म्हणे. ते फौजेबरोबर लिहिण्याच्या कामाला असत, त्यामुळे वर्षातले आठ महिने घराबाहेर. त्यांनीच मला धूळपाटीवर अक्षरं शिकवली. आत्याबाई म्हणाल्या होत्या, "शिकव हो. उद्या पागोटं बांधून दफ्तरात पाठवू तिला." नाना म्हणाले, "मी मोहिमेवर असलो म्हणजे माझं पत्र वाचायला घरात कोणी नको का?" ह्या एका गोष्टीमुळे आठ वर्षांची मी घरातली पत्र वाचणारी झाले. ते कायम ध्यानात ठेवायला हवं, कारण पुढे सगळं त्यावरच आलं.

आई मूळची खाण्याची मोठी शौकीन. बायकांनी असं म्हणून घेणं तेव्हा बरं दिसत नसे, पण होती. अळूच्या फदफद्यात खोबऱ्याचे काप घालून ते भातावर घेतलं की तिचे डोळे मिटत. पुरणपोळीच्या दिवशी ती शेवटी बसायची ती मुद्दाम, म्हणजे कोणी बघणारं नको, आणि तव्यावरची शेवटची, जरा करपलेली पोळी तिला सगळ्यांत आवडायची. मग माझ्या पाठीवरचा भाऊ झाला आणि पाचवी पुजायच्या आधीच गेला. तिथून तिचं अन्न तुटलं. रडली वगैरे फार नाही. पानावर बसे, भात कालवे, घास तोंडात घेई आणि तो घास तोंडातच फिरत राही. मग उठून जाई. अंगावर बांगड्या राहीनात, कोपरापर्यंत वर सरकवून ठेवी. नाना त्यानंतर मोहिमेवर गेले, ते जाताना तिच्याकडे बघवत नाही अशा तोंडानं गेले. फौज तिकडेच दूर छावणीला राहणार, पावसाळा संपल्यावर परतणार, असं ठरलेलं होतं.

आषाढ लागायच्या सुमाराला आत्याबाईंनी वैद्यबुवांना बोलावलं. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि बटवा उघडलाच नाही. म्हणाले, "औषध देऊन उपयोग नाही. हिच्या पोटातला अग्नी विझलाय. तो पेटवायचा तर अंग हलायला पाहिजे. पर्वतीची टेकडी चढू द्या हिला. रोज सकाळी. नेमानं चढली, तर महिन्याभरात आपण होऊन जेवायला मागेल."

आत्याबाई दाराआडून म्हणाल्या, "घरंदाज बाईनं हवा खायला टेकडी चढायची? पुढच्या वेळी नदीत पोहायला सांगाल."

"देवाला जाणाऱ्या बाईला कोण अडवतंय?" वैद्यबुवा म्हणाले आणि पागोटं सावरून उठले. दुसऱ्याच दिवशी ते लेकीच्या बाळंतपणासाठी वाईला निघून गेले.

आत्याबाईंनी त्यांच्या बोलण्यातला एकच शब्द उचलला. नेमानं. वैद्यबुवांच्या तोंडी त्याचा अर्थ रोजच्या रोज, न चुकता, एवढाच होता. आत्याबाईंना ऐकू आलं ते नेम. चातुर्मास तोंडावर आलेला, त्यात बायका नेम धरतातच. कोणी मीठ सोडतं, कोणी वांगं, कोणी लाख वाती करतं. राधेनं, म्हणजे आईनं, पर्वतीचा नेम धरला म्हटलं की लोकांची तोंडं बंद आणि वैद्याचंही ऐकल्यासारखं. युक्ती चांगलीच होती, मी आजही म्हणते. पण नेम म्हटला की भटजी आले. भटजींनी आईच्या ओंजळीत पाणी घातलं आणि विचारलं, संकल्प कशासाठी? आता भूक लागावी म्हणून, असं देवाला कोण सांगणार? आत्याबाईंनी जो सगळ्या बायका सांगतात तोच सांगितला. यजमान मोहिमेवरून सुखरूप परत यावेत म्हणून. आणि नेमाला काही निर्बंध हवा की नको? तर चातुर्मास संपेपर्यंत दिवेलागण झाल्यावर एकदाच जेवायचं, तोवर पाण्याखेरीज काही नाही. आत्याबाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. नाहीतरी ती कुठे जेवत होती? "मी वीस वर्षं एकवेळ जेवते," त्या म्हणाल्या, "मला काय धाड भरली?" आईनं ताम्हनात पाणी सोडलं. तेवढ्यानं सगळं पक्कं झालं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी निघू लागलो. बरोबर मी, कारण एकटीनं जाणं बरं नाही. माझ्या हातात फुलांची परडी, तिच्या हातात पूजेचं तबक. आंबिल ओढ्याकडच्या बागांमधून वाट होती. मग तळ्याच्या काठाकाठानं, मग पायऱ्या. हत्ती चढावेत अशा रुंद बेतानं बांधलेल्या त्या पायऱ्या, शंभरावर आहेत, आणि पहिल्या दिवशी आई दर आठ-दहा पायऱ्यांवर बसली. घामानं तिचं कुंकू ओघळलं. वर पोचलो तेव्हा ती देवाच्या पाया पडली की पायरीवर कोसळली, हे मला सांगता यायचं नाही. मला मात्र घरी आल्यावर काय भूक लागली म्हणून सांगू. ताकात चुरलेली शिळी भाकरी आणि तोंडी लावायला कांदा, एवढंच होतं, पण त्या चवीचं मी पुन्हा काही खाल्लं नाही. मला कळलं की भूक ही पानावरची पहिली वाढणी आहे. ती नसेल तर बाकीचं सगळं वाढून काही उपयोग नसतो.

आईला ती यायला बारा-पंधरा दिवस लागले. पावसाची भुरभुर चालू होती. पायऱ्यांवर शेवाळ आलेलं म्हणून आम्ही हात धरून चढत होतो. मधल्या वळणावर ती थांबली. मला वाटलं दम लागला. तिनं पोटावर हात ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी घाबरले. "गंगे," ती म्हणाली, "अगं, मला भूक लागलीय." आणि हसली. भाऊ गेल्यापासून तिचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. वरपर्यंत ती तेच बोलत होती. आज गरम भात असता, वर मेतकूट, नाही, मेतकूट नको, नुसतं तूप आणि मीठ. वैद्यबुवांचं औषध लागू पडलं होतं. मग आम्ही घरी आलो, तिनं पाय धुतले, तुळशीला पाणी घातलं, आणि दिवेलागणीची वाट बघत बसली. सकाळ, दुपार, तिसरा प्रहर. मला तिच्या देखत जेवायला बसवलं तेव्हा तिनं तोंड भिंतीकडे केलं. संध्याकाळी पानावर बसली तोवर भूक मरून गेली होती. चार घास खाल्ले आणि म्हणाली, "सकाळी लागते ती आता राहत नाही गं."

असं आठवडाभर चाललं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी पायरीवर तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मी बघत होते. भूक नव्हती तेव्हा न जेवणं तिला जड नव्हतं. आता भूक होती, आणि रोज टेकडी चढून ती आम्ही वाढवत होतो. एवढीशी मी, पण हे काहीतरी उलटं चाललंय एवढं मला कळत होतं. सांगणार कोणाला?

नागपंचमीच्या दिवशी मी ते केलं. आताशा सकाळी आम्ही निघण्याआधी आत्याबाई माझ्यापुरता भात लावत आणि मला वाढून देवघरात जपाला बसत, पाठ माझ्याकडे करून. आई तेव्हा विहिरीवर असे. त्या दिवशी मी जेवायला बसण्याआधी पानातला निम्मा भात काढला, दही घालून कालवला, पळसाच्या पानात बांधला आणि परडीत तळाशी ठेवून वर फुलं पसरली. देवाच्या फुलांखाली खरकटं. अंगावर काटा आला होता माझ्या, खोटं कशाला बोलू. पण उष्टं घातलं नाही तिला, आधी काढून ठेवलं, एवढं मात्र सांगते. वर गेल्यावर तिला दम खायला बसवलं आणि मी विष्णूच्या देवळाकडे पळाले. देवळाच्या मागे पुडी फुलांतून काढली आणि परत येऊन तिच्यासमोर धरली. "पुजारीबुवांनी प्रसाद दिला." प्रसाद नाही म्हणता येत नाही. कुठलाही उपास असो, नेम असो, प्रसाद नाकारला तर पाप. तिनं तो कपाळाला लावला आणि खाल्ला. कितीतरी वेळ बोटं चाटत बसली. खाली सगळं पुणं दिसत होतं, चुलींचा धूर वर येत होता, आणि आई दहीभात खात होती. माझ्या आयुष्यातली सुखाची म्हणावी अशी घटका ती.

मग रोजच. सुरुवातीला माझ्या वाटणीतून निम्मा जाई आणि मी अर्धपोटी राही. पण माझं नशीब म्हणा, त्याच दिवसांत आत्याबाईंचा अंदाज चुकू लागला. भात जास्त व्हायचा. पानात वाढतच जायच्या, आणि मी आ वासून बघत राहिले की म्हणायच्या, "बघतेस काय? उरला तर गाईला घाल." आणि देवघरात जाऊन पाठ करून बसायच्या. मी मनात म्हटलं, वय झालं आत्याबाईंचं. श्रावण सरला, भाद्रपद आला. आईच्या हातात बांगड्या परत मनगटाशी उतरल्या. पायऱ्या ती एका दमात चढू लागली. संध्याकाळीही नीट जेवू लागली. आत्याबाई तिच्याकडे बघून शेजारणीला सांगत, "उपास अंगी लागतो तो असा. नेमात तेवढी ताकद आहे."

गौरी गेल्या त्यानंतर दोन-चार दिवसांनी आईनं निघताना एक नारळ आणि खण बरोबर घेतला. मी विचारलं कोणासाठी. म्हणाली, "त्या पुजारीबुवांच्या घरी. रोज आपल्यासाठी प्रसाद ठेवतात बिचारे." वाटेत मी खूप बहाणे केले. पाय मुरगळला म्हटलं, पोटात दुखतं म्हटलं. ती म्हणाली, "तू बस इथे, मी देऊन येते." आणि गेली. मी मागून धावले तोवर ती देवळाच्या दारात उभी होती.

पुजारीबुवा बोलत होते. "बाई, आमचा नैवेद्य दुपारी असतो. सकाळी कुठला प्रसाद? आणि ह्या मुलीला मी कधी पाहिलंसुद्धा नाही."

आईनं नारळ तिथेच उंबऱ्यावर ठेवला. ओरडली नाही, मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. मधल्या वळणावर येऊन ती बसली, जिथे तिला पहिल्यांदा भूक लागली होती तिथेच, आणि तिनं विचारलं, "भात कुठला?"

"घरचा."

"कधीपासून?"

"नागपंचमीपासून."

ती थोडा वेळ बोटांवर मोजत राहिली. मग म्हणाली, "ह्यांचं शेवटचं पत्र कधी आलं गं?"

मला ते चांगलं आठवत होतं, मीच वाचलं होतं. "नागपंचमीच्या आधी," मी म्हटलं. "चार दिवस आधी."

त्यानंतर पत्र नव्हतं. नद्यांना पूर आले होते, पत्रं आणणारे जासूद अलीकडेच अडकून पडले होते, पेठेत कोणाच्याच घरी पत्रं येत नव्हती. हे सगळं आम्हाला ठाऊक होतं. पण ओंजळीतलं पाणी सोडताना तिनं मागितलं होतं ते नवऱ्याचं आयुष्य, आणि ज्या दिवशी पहिला घास खाल्ला त्या दिवसापासून त्याचा कागद नाही. तिनं पुराचा विचार केला नाही. कोणत्या बाईनं केला असता? "तू माझ्या भल्यासाठीच केलंस," ती म्हणाली, "पण देवाला काय सांगू मी? आत्याबाईंना ह्यातलं बोलायचं नाही." उतरताना माझा हात तिनं घट्ट धरला होता. मला ते जास्त लागलं.

त्या संध्याकाळी ती पानावर बसली नाही. आत्याबाईंना म्हणाली, "वन्सं, मी नेम वाढवलाय. ह्यांचं पत्र येईपर्यंत तुळशीच्या पाण्यावर राहणार." आत्याबाईंनी हातातली पळी भांड्यात परत ठेवली. टेकडीही तिनं सोडली नाही. रोज सकाळी आम्ही जातच होतो. मी परडीत नुसती फुलं नेत होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिच्या पोटातला आवाज मला शेजारून चालताना ऐकू येई. शेजारी कोणी फोडणी घातली की ती पदर नाकाला लावी. आषाढ लागायच्या आधी असा उपास तिनं हसतखेळत केला असता. आता आम्हीच तिची भूक टेकडीवर नेऊन नेऊन चांगली पोसली होती. पाचव्या दिवशी आत्याबाई म्हणाल्या, "राधे, पुरे आता. देव काही एवढा हट्टी नाही." त्यांच्या तोंडून एवढं मऊ बोलणं मी प्रथमच ऐकत होते. आई म्हणाली, "पाणी सोडलंय, वन्सं. आता माझ्या हातात काय आहे?" ते पाणी सोडायला लावणाऱ्या आत्याबाईच. त्या उठून चुलीपाशी गेल्या.

नवव्या दिवशी ती पायऱ्यांवर पडली. चार माणसांनी डोलीत घालून घरी आणली. ताप भरला. वैद्यबुवा त्याच सुमाराला वाईहून परतले होते. त्यांनी नाडी धरली, पोट दाबून पाहिलं, विचारलं, आणि मी सगळं, म्हणजे भात सोडून बाकीचं, सांगितलं. ते एवढे सभ्य गृहस्थ, पण आवाज चढला. "अहो, मी नेमानं चढा म्हटलं होतं. नेमानं. रोज. नेम कोणी धरायला सांगितला होता? भूक लागावी म्हणून चढायचं आणि लागली की खायचं नाही, ही कुठली चिकित्सा?" आत्याबाई दाराआड होत्या. मागच्या दारानं विहिरीवर गेल्या आणि पाणी शेंदत राहिल्या. घरातली सगळी भांडी भरलेली होती, तरी रहाट कुरकुरत होता.

वैद्यबुवांनी तांदळाची पेज सांगितली. आत्याबाईंनी ती केली, मीठ-तूप घालून आणली. आईनं ओठ मिटून घेतले. एवढंच विचारलं, "पत्र आलं?" दिवसातून दहा वेळा ती तेच विचारी. दुसऱ्या दिवशी दुपारी ती जरा शुद्धीत होती. आत्याबाई आल्या आणि माझ्या हातात एक कागद ठेवला. मोठ्यानं म्हणाल्या, "हे बघ गं, कोणाचं पत्र आहे. नानाचं दिसतंय. वाच पाहू." आईनं मान वळवली. तिचे डोळे त्या वेळी कसे झाले ते मी विसरू शकत नाही. मी कागद उलगडला. अक्षर नानांचंच होतं. आणि मी, मेली शहाणी, म्हणाले, "आत्याबाई, हे तर जुनंच आहे. नागपंचमीच्या आधीचं. पेटीतलं."

आत्याबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं त्यांना वाचता येत नाही म्हणून चुकून जुनं काढलं, आणि मी ते दाखवून दिलं म्हणून त्या रागावल्या. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि पेटीत ठेवून आल्या. आईनं तोंड भिंतीकडे फिरवलं. एक खोटं बोलून मी काय करून बसले होते ते माझ्यासमोर पडलेलं होतं. दुसरं खोटं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मी शपथ घेतली होती, पुन्हा कधी खोटं बोलणार नाही म्हणून.

तिसऱ्या दिवशी ती गेली. पेज चुलीजवळ तशीच होती, वर साय धरलेली. बाराव्या-तेराव्याची गडबड चालू असतानाच पूर ओसरले आणि जासूद आला. नानांचं पत्र. सगळ्यांसमोर मीच वाचलं, दुसरं होतं कोण. प्रकृती उत्तम होती. छावणीत पीठ महाग झालंय, घोड्यांना रोग आलाय, असं बरंच होतं, आणि शेवटी दोन ओळी. घरात अन्न गोड लागू लागले की नाही, पोटभर जेवते की नाही, ते नक्की कळवणे. घरात म्हणजे आईला, बायकोचं नाव कागदावर घेत नसत. तेवढं वाचून मी थांबले. कोणी मला पुढे वाच म्हटलं नाही. नाना दिवाळीनंतर आले, धडधाकट. आत्याबाईंनी त्यांना सांगितलं, ताप आला आणि गेली. नेमाचं नाव आमच्या घरात पुन्हा निघालं नाही.

तीन-चार वर्षांनी मी नांदायला निघाले. सासर सासवडला. पहाटे गाडी दारात उभी होती. आत्याबाई बाहेर आल्या, शुभकार्याच्या वेळी विधवेनं पुढे येऊ नये तरी आल्या, आणि माझ्या मांडीवर एक परडी ठेवली. प्राजक्ताची फुलं काठोकाठ. मी म्हटलं, "एवढी फुलं कशाला, आत्याबाई?" त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "वाटेत लागेल," म्हणाल्या, "उरला तर गाईला घाल." आणि पाठ करून आत गेल्या.

फुलं उरतील, तर ते "उरला" कसं, हे मला वाटेत सुचलंच नाही. दिवे घाट आला तसं गाडीवाल्यानं सगळ्यांना उतरवलं, बैलांना चढ ओढवत नव्हता. मी घाट पायी चढले. पर्वतीपेक्षा लांब चढ, ऊन वर आलेलं, आणि माथ्यावर पोचेस्तोवर पोटात कावळे ओरडायला लागले. परडीतली फुलं सुकली होती. बाजूला सारली तर खाली पळसाच्या पानाची पुडी, आणि पुडीत दहीभात.

मी ती पुडी हातात धरून बसले. आत्याबाईंना ठाऊक होतं. अगदी सुरुवातीपासून सगळं ठाऊक होतं. माझ्यापुरत्या भातात रोज त्यांनी मूठभर तांदूळ जास्त घातले, मला वाढले, आणि मी बांधून घेईपर्यंत देवाकडे तोंड करून बसल्या. तोंडानं मात्र कधी म्हणाल्या नाहीत, कारण म्हटलं असतं तर नेम मोडला असता. आणि मग घाटाच्या त्या माथ्यावर मला त्या जुन्या पत्राचं कळलं. आत्याबाईंना अक्षर येत नव्हतं, पण पेटीतलं जुनं पत्र कुठलं ते न कळायला त्या वेड्या नव्हत्या. मी आईसाठी खोटं बोलू शकते हे त्यांना माहीत होतं. त्यांनी माझ्यासमोर कागद धरला तो तेवढ्यासाठी. मी सुखरूप आहे, असे चार शब्द मी त्यातून नानांच्या नावानं वाचले असते, तर आईनं ती पेज घेतली असती.

गाडीवाला म्हणाला, "ताई, खाऊन घ्या. पुढं वाट लांबची हाय." मी खाल्ला. सगळा खाल्ला, बोटं चाटली, गाईला काही उरलं नाही. चढ चढून आल्यावर अन्न जसं लागतं तसाच तो लागला, अमृतासारखा गोड, आणि त्याची लाज मला आजतागायत वाटते.